रॉडला लागलेला हात

प्रतापसिंहांनी आयुष्यभर दोनच गोष्टी मानल्या: नियम आणि भरती-ओहोटी. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात तपासनीस होते तेव्हा पहिली गोष्ट आठवडाभर चालायची आणि दुसरी रविवारी. निवृत्त झाल्यावर दोन्हींचा मेळ बसला. कोवळमच्या खाडीवर हौशी मंडळींची गळ टाकायची स्पर्धा दरवर्षी भरते, तिचे ते पंच झाले. पंच झाले आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप झाले. मासा फळीवर मोजताना शेपूट कुणी किंचित ताणलेली त्यांना खपायची नाही, आणि मोजून, फोटो काढून पाण्यात परत सोडताना मासा कुणी फेकला तर त्यांचा आवाज पार पलीकडच्या काठावर ऐकू जायचा.

त्या स्पर्धेत एक नियम सगळ्यांच्या वरचा होता. मासा गळाला लागल्यापासून काठावर येईपर्यंत रॉडला दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. लागला, की मासा बाद.

गेल्या स्पर्धेत त्यांच्या लेकीच्या, हरिप्रियाच्या, गळाला कोडुवा लागला. कोडुवा म्हणजे कोकणातला जिताडा. त्या दिवशीचा तो सगळ्यात मोठा मासा होता यात कुणाला शंका नव्हती. पोरगी चिखलात घसरत, दात-ओठ खात त्याला खेळवत होती. मासा एकदम उलटा फिरला, तिचा पाय सुटला, आणि शेजारी छत्री घेऊन बसलेल्या जयंतीबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, पोरगी पाण्यात जाते की काय या भीतीने रॉड धरला. धरला काय, बोटं टेकवली आणि काढली. मासा आला, फोटो निघाला, टाळ्या पडल्या. पंच मात्र मान हलवत पुढे आले.

“कोणीच बघितलं नाही, अप्पा,” हरिप्रिया हळूच म्हणाली होती.

“मी बघितलों की,” प्रतापसिंह म्हणाले आणि त्यांनी कोडुवा बाद केला.

त्यानंतर घरात बरेच दिवस फक्त ताटं बोलत होती. मग एका संध्याकाळी पेरुंगुडीच्या ऑफिसातून आल्या आल्या पोरगी समोर उभी राहिली. “अप्पा, माझी मोबाइल गेमची फायनल आहे. इथंच, पेरुंगुडीत. तुम्ही यायचं. मधे उठून जायचं नाही. माझा कोडुवा तुम्ही घेतला, त्याच्या बदल्यात हे द्या.”

“आणि जिंकली नाहीस मणजे?”

“मणजे सोडते. तिसऱ्यांदा चाललोय आम्ही. यंदा हैदराबादच्या राष्ट्रीय फेरीत गेलो नाही तर टीम फुटलीच. मी पण फोन ठेवून देते. वाचा.” ‘वाचा’ म्हणजे वचन, तंजावरी मराठीत वचन द्यायचं तर असंच देतात, निदान त्यांच्या घरात.

खरं सांगायचं तर प्रतापसिंह मनातून खूष झाले. गेम म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं: मान खाली घालायची, बोटं नाचवायची, आणि जेवायला हाक मारली की ‘आलेच’ म्हणून यायचं नाही. एकदाची फायनल होऊन जाईल, पोरगी हरेल, आणि हे खूळ सुटेल. बाप म्हणून असं वाटणं बरं नव्हे, पण वाटलं खरं.

आणि आता हाच माणूस डोक्यावर पंचाची पांढरी टोपी घालून, पेरुंगुडीच्या त्या प्रचंड हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता. आवाजाने छाती हादरत होती. व्यासपीठावर टीम ओळीने बसलेल्या, प्रत्येकाच्या कानावर हेडफोन, हातात फोन. वर सिनेमागृहात असतो तसला पडदा. सुरुवातीलाच निळ्या टी-शर्टातला मुख्य पंच, खैरनार त्याचं नाव, माईकवर आला आणि त्याने आधी तमिळमध्ये आणि मग इंग्रजीत बजावलं: पडद्यावर प्रेक्षकांना सगळ्यांच्या जागा दिसतात, खेळाडूंना दिसत नाहीत. म्हणून कुणीही, कुठल्याही भाषेत, ओरडून जागा सांगायची नाही. सांगितली, तर ज्याच्यासाठी सांगितली ती टीम बाद.

“हे बरोब्बर आहे,” प्रतापसिंह जयंतीबाईंना म्हणाले. “रॉडला हात नको. मणजे इथं पण शिस्त आहे गे.”

“तुम्ही तोंडाला कुलूप लावा, मणजे झालं,” जयंतीबाईंनी मुरुक्कूचा, म्हणजे चकल्यांचा, डबा उघडला.

गेम काही अवघड नव्हता. एक बेट. वेगवेगळ्या टीम त्यावर उतरतात. बेटावर एक वर्तुळ असतं, ते हळूहळू लहान होत जातं. वर्तुळाबाहेर राहिला तो मेला, आत आला त्याची दुसऱ्यांशी गाठ. शेवटी ज्यांचा माणूस उभा, ते जिंकले. प्रतापसिंहांना वाटलं होतं, सगळी नुसती धावाधाव आणि ठोकाठोक असेल. पण पहिल्याच फेरीत कॅमेरा हरिप्रियावर आला तेव्हा ती गवतात पडून होती. हलत नव्हती. समोरून एक टीम गेली, तरी हलली नाही. दुसरी गेली. शेजारच्या टीममधला एकजण उतावळेपणाने गोळी झाडून मोकळा झाला आणि चारी बाजूंनी त्याच्यावर लोक तुटून पडले. हरिप्रिया तशीच पडून.

“काय करूलाली गे ही?” जयंतीबाईंनी विचारलं. “झोपली का?”

प्रतापसिंह खुर्चीवर आणखी पुढे सरकले. त्यांच्या अंगावर काटा आला होता. हे पडून राहणं त्यांच्या ओळखीचं होतं. दोरीला पहिला धक्का बसतो तेव्हा मासा नुसता चाखत असतो. त्या वेळी रॉड ओढला की संपलं. हात शिवशिवत असतात आणि तरी थांबायचं असतं. हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. ती फ्रॉक घालायची तेव्हापासून कोवळमच्या काठावर तिच्या पाठीमागे उभं राहून ते एकच शब्द सांगत आले होते, “थांब गे, थांब.”

“झोपली नाही,” ते म्हणाले. “पाणी वाचते आहे.”

तिथून पुढे त्यांना आवरणं कठीण झालं. कुणी बेटाच्या एका टोकाला धुराचा गोळा टाकून दुसऱ्या टोकाने निसटलं, की हे मांडीवर थाप मारायचे: “आमिष! बघितलीस? आमिष टाकलं!” कुणी उंच टेकडी सोडून खोलगट जागा धरली, की हे मान डोलवायचे, कारण उन्हं चढली की मासाही खोल जातो. एक टीम नुसत्या घाईने मेली तेव्हा ते इतके हळहळले की पुढच्या रांगेतल्या, त्या टीममधल्या एका मुलाच्या आईवडिलांनी वळून त्यांचे आभार मानले. मुरुक्कूचा डबा त्यांनी न बघता संपवला. ज्या गोष्टीला इतकी वर्षं नावं ठेवली ती आपलीच निघाली, याचा त्यांना आनंद होत होता आणि लाजही वाटत होती, आणि दोन्ही एकाच वेळी होत असल्यामुळे ते आणखी जोरात टाळ्या वाजवत होते.

शेवटच्या फेरीआधी पडद्यावर गुण आले. पहिली वेंकट नावाच्या कप्तानाची टीम, तिच्या मागे चिकटून हरिप्रियाची. हैदराबादला एकच टीम जाणार. म्हणजे शेवटच्या फेरीत जो वर, तो गेला.

आता प्रतापसिंहांच्या लेखी पोरीचं खूळ सुटणं वगैरे सगळं वाऱ्यावर उडालं होतं. ती जिंकली पाहिजे. बस्स. त्यांचा जीव टांगणीला लागला होता. टोपी त्यांनी हातात घेऊन तिचा पार बोळा केला होता.

वर्तुळ आवळत आवळत बेटाच्या किनाऱ्यावर आलं. वाळू, थोडं गवत, एक मोडका लाकडी धक्का आणि एक उपडी नाव. बाकी सगळ्या टीम गेल्या. उरले तिघं: गवतात हरिप्रिया, तिच्यामागे बऱ्याच अंतरावर धक्क्याच्या आडोशाला तिची जोडीदार शरण्या, आणि वेंकट. वेंकट उपड्या नावेच्या मागे बंदूक रोखून बसला होता. पडद्यावर तो सगळ्या हॉलला दिसत होता. हरिप्रियाला दिसणं शक्य नव्हतं.

हॉलमध्ये आरडाओरडा इतका वाढला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. आणि तेवढ्यात पडद्यावर हरिप्रिया गवतातून उठली. उठली आणि सरळ उघड्या वाळूवर चालायला लागली, नावेच्या दिशेने, कसलाही आडोसा न घेता.

आता एक गोष्ट सांगायला हवी. या घराण्याला चेन्नईत एक सोय होती, आणि ती म्हणजे त्यांची मराठी. साडीच्या दुकानात दुकानदारासमोरच भाव पाडायचा बेत करायचा तो मराठीत. लग्नाच्या पंगतीत सांबार बिघडलंय हे सांगायचं ते मराठीत. बसमध्ये शेजारच्या माणसाच्या घोरण्याची थट्टा, तीही मराठीत, त्याच्या कानाशी. पिढ्यान् पिढ्या हे चाललं होतं आणि कुणी कधी पकडलं गेलं नव्हतं. त्यामुळे तोंडातून मराठी निघाली की ती घरातच बोलल्यासारखी वाटायची. जगाला ऐकू जाते हे त्यांच्या गावीही नसायचं.

प्रतापसिंह ताडकन उठले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “थांब गे, थांब! जाऊ नको! नावेच्या पाठी आहे तो! नावेच्या पाठी!”

कोवळमच्या पलीकडच्या काठावर पोचणारा आवाज तो. व्यासपीठापर्यंत, हेडफोनच्या आतही, न पोचायला काय झालं? त्यांनी स्पष्ट बघितलं: खाली मान घातलेल्या हरिप्रियाचे खांदे एकदम ताठ झाले. तिने ऐकलं होतं.

पडद्यावर मात्र ती थांबली नाही. चालतच राहिली. वेंकट नावेमागून वर आला, त्याने गोळी झाडली आणि हरिप्रिया वाळूवर पडली. प्रतापसिंहांनी डोळे मिटले. त्याच क्षणी दुसरी गोळी वाजली, आणि हॉलचं छप्पर उडतंय की काय असा गलका झाला. डोळे उघडून बघतात तो वेंकट पडलेला आणि धक्क्याच्या आडून शरण्या उभी. हरिप्रिया खुर्चीवरून उडी मारून शरण्याच्या गळ्यात पडली होती.

आमिष! ती स्वतःच आमिष झाली होती. नावेमागचा मासा वर यावा म्हणून ती मुद्दाम उघड्यावर चालली होती, आणि रॉड शरण्याच्या हातात होता. जन्मभर गळ टाकणाऱ्या माणसाला हे ओळखता आलं नाही! प्रतापसिंह हसले, नाचले, पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसाला त्यांनी मिठी मारली. आणि मिठीतच त्यांचे हातपाय गार पडले.

आपण जागा सांगितली. भर हॉलमध्ये, तोंडाने सांगितली. रॉडला हात लागला होता, आणि तो पंचाचा होता.

“काय झालं ओ? छातीत दुखतं का?” जयंतीबाई घाबरल्या.

“मी ओरडलों गे. नावेच्या पाठी मणून सांगितलों.”

जयंतीबाईंना क्षणात सगळं कळलं. त्यांनी नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं. “मराठीत ओरडलात. अस्के तमिळ लोक आहेत इथं, एकूणएक. कोणाला कळलं? खाली बसा.”

“मला कळलं की.”

“ओ, ऐका माझं.” त्यांचे डोळे भरून आले. “एकदा माझ्या हातानं गेलं तिचं. आता तुमच्या जिभेनं घालवू नका. बघा तिच्याकडे. किती वर्षांनी अशी हसते आहे ती.”

प्रतापसिंहांनी बघितलं. व्यासपीठावर पोरगी शरण्याचे दोन्ही हात धरून गोल गोल फिरत होती. त्यांच्या मनात आलं, आपण गप्प बसू शकतो. अगदी सहज. टोपी घालायची आणि टाळ्या वाजवायच्या. मग पुढच्या वर्षी कोवळमला काठावर उभं राहून कुणाचा मासा बाद करायचा, तो कुठल्या तोंडाने? आणि त्याहून वाईट म्हणजे पोरीने ऐकलं होतं. तिला ठाऊक होतं. आपण गप्प बसलो तर ती आपल्याकडे बघेल ते कसं बघेल?  त्यांनी जयंतीबाईंची बोटं एकेक करून सोडवली आणि ते गर्दीतून व्यासपीठाकडे निघाले.

खैरनार आपल्या टेबलाशी दोन सहायकांशी बोलत उभा होता. निकाल अजून जाहीर झाला नव्हता. प्रतापसिंहांनी तमिळमध्ये, घसा खाकरत, सरळ सांगून टाकलं: मी त्या मुलीचा बाप. मी आमच्या भाषेत ओरडून जागा सांगितली. तुमच्या नियमाप्रमाणे काय ते करा.

खैरनारने हातातले कागद खाली ठेवले आणि तो मराठीत म्हणाला, “काका, मी नाशिकचा आहे. तुम्हालाच शोधत होतो.”

प्रतापसिंहांनी आ वासला. साडीची दुकानं, लग्नाच्या पंगती, बसमधली घोरणारी माणसं, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून सर्रकन गेलं. त्यातले किती नाशिकचे असतील कोण जाणे.

“तुमची मराठी जरा जुन्या पोथीसारखी वाटली, पण ‘नावेच्या पाठी’ एवढं स्वच्छ कळलं,” खैरनार पुढे म्हणाला. “म्हणूनच निकाल थांबवलाय. टीम बाद करायच्या बेतात होतो. पण त्याआधी कसं ओरडलात, काय काय म्हणालात, सगळं सांगा. शब्दन् शब्द.”

“थांब, जाऊ नको, असं सांगितलों. मग नावेच्या पाठी.”

“थांब म्हणालात? पण ती तर गेली.”

“गेली की,” प्रतापसिंह म्हणाले, आणि त्यांच्या अजून लक्षात येत नव्हतं की आपण काय बोलतो आहोत.

खैरनारने हरिप्रिया, शरण्या आणि वेंकट तिघांनाही टेबलाशी बोलावलं. टीमचं आपसातलं बोलणं रेकॉर्ड होतं. त्याने ते सगळ्यांसमोर लावलं. आधी हरिप्रियाचा हळू, घाईचा आवाज आला, तमिळमध्ये: “शरण्या, तो नावेमागे आहे. वाळूवर पावलं उमटलीत. मी उघड्यावर जाते, तो उठेल. तू थांब, तो पूर्ण उठेपर्यंत थांब.” मग पावलांचा आवाज. मग मागून, लांबून, तो भयंकर ओरडा: थांब गे, थांब! स्वतःचा आवाज असा ऐकून प्रतापसिंहांना जमीन दुभंगावी असं झालं. आणि त्या ओरड्यानंतर लगेच, अगदी माईकजवळ, हरिप्रियाचे दात आवळून म्हटलेले शब्द: “अप्पा, गप्प बसा की!”

“आता काय म्हणाली ती?” वेंकटने विचारलं.

“वडिलांना गप्प बसायला सांगतेय,” खैरनारने तमिळमध्ये सांगितलं.

वेंकट हसत सुटला. “म्हणजे मी उठायला नको होतं,” तो म्हणाला. “माझी काही तक्रार नाही सर. तिला आधीच माहीत होतं.”

तिघा पंचांनी बाजूला जाऊन डोकी एकत्र केली. हरिप्रिया बापाकडे बघत नव्हती. ती बुटाच्या टोकाकडे बघत होती. प्रतापसिंह टोपीचा बोळा चोळत होते. गळाला मासा असताना त्यांनी कधी देवाचं नाव घेतलं नव्हतं, पण आता कुलदैवतापासून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पिल्लयार गणपतीपर्यंत सगळ्यांना साकडं घालून झालं.

खैरनार परत आला. “टीमला आधीच जागा माहीत होती आणि ओरडून जे सांगितलं त्याच्या उलट ती वागली. निकाल कायम.” हरिप्रियाने श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला. “पण काका, तुम्ही नियम मोडलाय. तुम्हाला हॉलमधून बाहेर जावं लागेल. आत्ताच. आणि हैदराबादलाही हॉलमध्ये प्रवेश नाही.”

“बरोब्बर आहे,” प्रतापसिंह ताठ उभं राहून म्हणाले. “मी असतों तर हेच केलों असतों.” मनगटावरची प्रवेशाची पट्टी त्यांनी स्वतःच तोडून टेबलावर ठेवली.

ते वळले तेव्हा हरिप्रिया पुढे आली. “अप्पा. मी काही बोलले नसते. कोणालाच कळलं नसतं.”

“तू ऐकलीस की.”

“ऐकलं. जन्मभर ऐकत आले. पाय थांबतच होते माझे, खरं सांगते,” ती म्हणाली. “पण मासा वर येत होता.”

प्रतापसिंहांना काहीतरी मोठं, पंचाला शोभेलसं बोलायचं होतं. पण तोंडातून एवढंच आलं, “बरं झालं, थांबली नाहीस.” मग त्यांनी ती बोळा झालेली पांढरी टोपी उलगडली, तिच्या डोक्यावर बसवली आणि ते निघाले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावरून कंपन्यांच्या बसगाड्या जात होत्या, फाटकाशी वॉचमन खुर्ची टाकून बसला होता, इळनीरवाला शहाळी सोलत होता. मागे हॉलचं दार बंद झालं. दार बंद झालं तरी आतला माईक ऐकू येत होता. प्रतापसिंह भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पोरीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण आणि आपण इथे, उन्हात, शहाळ्यांच्या ढिगाऱ्याशी. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण छाती अशी फुगली होती की शर्टाचं बटण तुटेल की काय असंही वाटत होतं.

आत माईकवर टीमचं नाव पुकारलं. मग कप्तानाचं: हरिप्रिया! आणि भिंतीमागून गलका उसळला.

प्रतापसिंहांचा हात आपोआप तोंडावर गेला. मग त्यांना आठवलं, आता आपण बाहेर आहोत. इथे कसलाही नियम नाही. त्यांनी तोंडावरचा हात काढला, पोटभर श्वास घेतला, आणि या वेळी मराठीत नाही, वॉचमनला, इळनीरवाल्याला, रस्त्यावरच्या बसमधल्या शेवटच्या माणसालासुद्धा कळावं म्हणून तमिळमध्ये, कोवळमच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असे ओरडले:

“अदु एन् पोण्णु! एन् पोण्णु!” म्हणजे, माझी मुलगी आहे ती, माझी!